तीन डाक्तरांच्या तीन पिशव्या

माझ्या मायनं डाक्तरसुद्धा सोयऱ्यांसारखे सांभाळले. एका सोयऱ्याच्या घरी बसून दुसऱ्या सोयऱ्याच्या पाहुणचाराची गोष्ट काढायची नाही, हा तिचा जन्माचा नेम. आमच्या घरी लग्नं झाली, व्याही-विहिणी आल्या, कोणाचा मान राहून गेला, कोणाला दिलेली साडी हलकी निघाली, पण माय मधात होती म्हणून कधी तोंडातोंडी झाली नाही. पुढं लग्नं संपली, सोयऱ्यांचं येणं-जाणं कमी झालं आणि त्यांच्या जागी डाक्तर आले.

आमचं गाव शेलूबाजारहून थोडं आत. मी लग्न होऊन वाशीमला आले आणि इथंच शाळेत शिकवते. भाऊ आणि वहिनी गावी मायजवळ राहतात, शेती करतात. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. मायचे गुडघे धरायला लागले तेव्हा भावानं तिला मंगरूळच्या हाडाच्या डाक्तरकडं नेलं. बीपी निघाला तेव्हा मी तिला वाशीमला आणून इथल्या मोठ्या डाक्तरला दाखवलं. आणि खोकला, पित्त, झोप, चक्कर असलं बारीक-सारीक सगळं शेलूला, कारण जीपमधून उतरलं की समोरच दवाखाना. वहिनीच्या ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसच्या तिनं तीन पिशव्या शिवल्या. हिरवी मंगरूळची, लाल वाशीमची, पिवळी शेलूची. ज्या डाक्तरकडं जायचं त्याचीच पिशवी सोबत न्यायची. बाकीच्या दोन घरी खुंटीला टांगलेल्या.

मी एकदा म्हटलं, "माय, तिन्ही घेऊन चाल ना वं. डाक्तरले दिसू दे तू काय काय खातं थे."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी भर देवघरात चप्पल घालून उभी आहे. "मास्तरीण झाली, पन काहीच रीतभात शिकली नाही वं तू. एका इहिनीच्या घरी जेवाले बसलं आन् दुसरीच्या हातच्या कढीची तारीफ केली, तर तिले कसं वाटन? डाक्तर मानूस नाही का? म्हनन, बुढी माह्यावर भरोसाच नाही ठेवून राह्यली."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. वहिनीनं ते शेजारी सांगितलं, पण शेजारणींना त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं डाक्तर बदलला तर जुन्याच्या दवाखान्यावरून जाताना बाया पदर तोंडावर ओढून घेतात, त्यानं पाहू नये म्हणून.

आता माझी माय कशी होती ते आधी सांगते. सकाळी मी कणीक मळत असले की फोन वाजायचा. कशी आहेस, बरी आहेस का, असलं काही नाही. "उठली का वं, का अजून लोळूनच राह्यली?" मग कोणाची बकरी कोणाच्या तुरीत शिरली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, आपल्या वहिनीनं भाजीत मीठ कसं लोटलं. वहिनी तिथंच चुलीपाशी उभी राहून ऐकत असायची, तिकडून तिचा आवाज यायचा, "हो, सांगा सांगा, सगळ्या जिल्ह्याले सांगा." माझे हात कणकेचे, शाळेची घाई, फोन खांद्यात धरून मी हूं हूं करायचे. आणि मधेच तीच म्हणायची, "ठेव आता. तुले काम नसन, पन मले हाय." असा राग यायचा! फोन केला कोणी, आणि काम नाही कोणाला! त्या रागासाठी मी पुढं किती तरसले ते मलाच माहीत.

दुपारचा फोन मावशीचा असायचा. मावशी म्हणजे मायची धाकटी बहीण, मानोऱ्याकडं दिलेली. त्यांचे आई-बाप गेले, भाऊ गेले, माहेरचं घर भाच्यानं विकून टाकलं. "आमी दोघीच एकमेकींचं माहेर," माय म्हणायची. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली की दोघींची ही लांबण. मावशी ऐन जवानीत विधवा झालेली आणि सासरचे जुन्या वळणाचे. त्यांनी तिला आयुष्यभर फिक्कट लुगड्यांत ठेवलं. तिला तर रंगांचा भारी सोस. बाजारात गेली की दुकानापुढं उभी राहून नुसती पाहायची, आणि मग घरी येऊन मायला फोनवर सगळे रंग सांगायची.

या दोघींमधली एक गोष्ट मला फार नंतर कळली, पण इथंच सांगून टाकते. एका दिवाळीत मावशी आमच्याकडं आली होती. करंज्या करता करता ती मायला म्हणाली, "बाई, मी आधी मेली तर माहेरचं लुगडं तूच आनशीन ना?"

"मंग कोन आनन? माहेरात दुसरं हाय कोन?"

"मंग पांढरं नको आनजो. जितेपनी यायनं नेसू नाही देल्लं. जाता जाता तरी मले मोरपंखी नेसवजो."

बाई गेली की तिच्या अंगावर शेवटी माहेरचं लुगडं घालतात, आणि त्या लुगड्याला सासरचा कोणी नाही म्हणू शकत नाही. मावशीनं बरोबर हिशेब केला होता. मायनं तिला विचारलं, "आन् मी आधी मेली तर?" तर म्हणे, "तुले काय, घरातलं जुनं-पानं गुंडाळू!" दोघी हसल्या. पण माय पुढच्याच बाजाराला शेलूला गेली, मोरपंखी लुगडं घेतलं आणि आपल्या पेटीत तळाशी, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं. पेटीची किल्ली तिच्या कमरेला. घरात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

मग माय हळूहळू कमी होत गेली. मला दुसरा शब्द सुचत नाही. आधी पाय सुजले, मग दिवसातून कितीदा तरी मोरीकडं धावणं सुरू झालं, मग ते थांबलं तर तोंडाला कोरड पडायला लागली. बोलता बोलता शब्द टाळूला चिकटायचा आणि ती तो तिथंच सोडून द्यायची. दिवसा खाटेवर डोळे मिटून पडून राहायची. एकदा मावशीचाच मला फोन आला, "तुह्या मायले काय झालं वं? फोनवर नुसती हो-हो करते. भांडतही नाही." सकाळचा माझा फोनही बंद झाला. मग मीच करायला लागले. तिकडून "हो", "बरं", "जेवली". वहिनीनं मीठ लोटलं का विचारलं तरी "हो". एकदा मी गावी गेले तर ती कढी-गोळे करायला बसली होती. कढी केली आणि गोळे टाकायचेच विसरली. वहिनीनं सांगितलं, "आत्याबाई, गोळे राह्यले ना." माय चिडली नाही. माझी माय, आणि वहिनीनं तिची चूक काढल्यावर चिडली नाही!

भाऊ म्हणाला, "बाई, वय झालं आता तिचं. डोकं चाललं. आपल्या हातात काय हाय?"

"वय काय तिचं एकटीचंच झालं का? तुह्या शेजारची बुढी हिच्याहून मोठी, थे रोज सरपंचाले शिव्या घालते. तिचं नाही गेलं डोकं!" मी त्याच्यावर खेकसले. त्याचा काय दोष होता? पण मला कोणावर तरी खेकसायचंच होतं.

डाक्तरकडं नेलं नाही असंही नाही. तिन्हीकडं नेलं. जिथं नेलं तिथं त्यांनी आपापलं नीट तपासलं, "वयामानानं होतं" म्हणाले, आणि एखादी गोळी वाढवून दिली. हिरवी पिशवी फुगली, लाल फुगली, पिवळी तर इतकी फुगली की मायनं तिला नवी दोरी ओवली. तेवढं मात्र ती विसरली नाही. कोणत्या डाक्तरची गोळी कोणत्या पिशवीत, यात ती शेवटपर्यंत चुकली नाही.

त्याच उन्हाळ्यात मावशी गेली. सकाळी अंगण झाडता झाडता बसली आणि तिथंच आडवी झाली. मी आणि भाऊ मायला घेऊन जीपनं निघालो. मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "माय, मावशी गेली वं." ती म्हणाली, "हो का," आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. वाटेत भावाला आठवलं की माहेरचं लुगडं न्यावं लागेल. मंगरूळच्या स्टँडजवळ जीप थांबवून त्यानं मावशीच्या घरी फोन लावला, कोणतं घेऊ म्हणून. तिथून सांगितलं, पांढरं. त्यानं पांढरं घेतलं.

आमच्याकडं माहेरचं माणूस दारात आलं की घरातलं थांबलेलं रडणं पुन्हा उसळतं. माय उंबऱ्यात दिसली आणि सगळ्या बाया हात पसरून उठल्या. मावशीची सून तिच्या गळ्यात पडली. माय तशीच उभी. मग प्रेताजवळ जाऊन बसली, मावशीच्या पायावरची चादर सरळ केली आणि पाणी मागितलं, तोंड कोरडं पडलं म्हणून. पांढरं लुगडं घातलं तेव्हा ती बाजूलाच होती. तिच्या डोळ्यांत काही म्हणजे काही हललं नाही. उठताना मावशीच्या सुनेला विचारलं, "जेवन झालं का तुमचं?" बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

पोळा झाला आणि माय अंगणात पडली. खाटेवरून उठली, घेरी आली, भुवईवर खोक पडली. वहिनी घाबरली. तिनं खुंटीवरच्या तिन्ही पिशव्या ओढल्या, मायच्या लुगड्यांसोबत एका झोल्यात कोंबल्या आणि भावासोबत तिला वाशीमला दवाखान्यात आणलं. घाईत ती सोयऱ्यांचा मानपान विसरली, देवाचे उपकार!

तिथं ड्युटीवर एक डाक्तरीणबाई होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? वहिनीनं झोला पुढं केला. बाईंनी तिन्ही पिशव्या खाटेवर उलट्या केल्या. हिरवीतलं, लालमधलं, पिवळीतलं सगळं पहिल्यांदा एका जागी आलं. बाई गोळ्यांचं एकेक पाकीट उचलून पाहायला लागल्या, कोणती कधीपासून, कशासाठी, विचारायला लागल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"हे सगळं एकत्र कोणी पाहिलं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना वाईट वाटलं असतं."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी त्यांना विहिणीची कढी सांगितली. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि मला समजेल असं सांगायला लागल्या. गुडघ्याच्या गोळ्यांनी मायचा बीपी वाढत होता. बीपी वाढला म्हणून वाशीमच्या डाक्तरनं आपली गोळी वाढवली. त्या गोळीनं पाय सुजले. सूज शेलूला दाखवली, तिथं लघवी होण्याची गोळी मिळाली. मग लघवी थांबेना, तर ती धरून ठेवायची गोळी. तिनं तोंड कोरडं पडतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर झापड येते. वरून झोपेची, वरून चक्कर येते म्हणून आणखी एक. "यातल्या कोणीही चुकीचं औषध दिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "जे समोर आलं त्याचा इलाज प्रत्येकानं केला. समोर आलेलं दुखणं हे दुसऱ्याच्या गोळीचं आहे, हे त्यांना कळणार कसं?"

मला वाटलं, आत्ता सगळ्या गोळ्या नालीत फेकाव्या. बाईंना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी दटावलं, एकदम बंद केल्या तर ते जिवावर बेतेल, मनानं काही करायचं नाही. त्यांनी आमच्यासमोर बीपीच्या डाक्तरांना फोन लावला, काय ठेवायचं, काय हळूहळू उतरवायचं ते दोघांनी ठरवलं.

"माझी माय परत येईल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्यांचं असेल तेवढं जाईल. वयाचं असेल ते राहील. वाट पाहू."

मी मायला माझ्या घरी ठेवून घेतलं आणि वाट पाहिली. शाळेतून आले की आधी तिच्या तोंडाकडं पाहायचे. मुद्दाम चिडवायचे, मुद्दाम चहात साखर कमी टाकायचे. ती निमूट प्यायची. हात जोडून सांगते, देवा, तिनं मला एक शिवी द्यावी म्हणून मी नवस बोलले होते.

एका दुपारी मी कढी वाढली. तिनं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. "हे काय वं? कढी हाय का फवारनीचं पानी?"

मी पळी हातात धरून हमसाहमशी रडले.

"रडाले काय झालं? मीठ टाक ना!"

त्यानंतर ती भराभर आली. मोलकरणीच्या कामात खोट काढली, जावयाला ढेरी सुटली म्हणाली, भावाला फोन करून सोयाबीन कधी काढतं म्हणून झापलं. वहिनी तिकडून मला म्हणाली, "बाई, आत्याबाईनं मले आज दोनदा बोल लावले," आणि तिचा आवाज इतका आनंदी होता की मला हसूही आलं आणि रडूही. घरात सण असल्यासारखं झालं होतं. मी भावाला म्हटलं, पाह्य, म्हनत होता ना डोकं चाललं!

मग एक दिवस दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली, आणि मायनं पदराला हात पुसून फोन हातात घेतला.

"बहीन फोन नाही करून राह्यली. मी लावला तर लागत नाही. काहून वं? रुसली का थे?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझ्याकडं पाहत होती, आणि आता तिला तोंड वाचता येत होतं. तेच तर मला परत पाहिजे होतं ना!

"कवा?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यात."

"आन् मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं माय. तू होती तिथं. मी तुह्या बाजूलेच होती."

तिनं हातातला फोन खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मी रडली का वं?"

खोटं बोलता आलं असतं. पण एवढ्या दिवसांनी ती मला सापडली होती, तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. "नाही," मी म्हटलं.

"लुगडं कोनं आनलं?"

"भाऊनं."

"कोनत्या रंगाचं?"

रंग कायले विचारते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सांगून टाकलं, "पांढरं."

तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग तिनं मला करंज्यांची गोष्ट सांगितली, मोरपंखी लुगड्याची, पेटीच्या तळाची. सांगताना तिचं प्रत्येक वाक्य लख्ख होतं, मावशीच्या आवाजासकट. मला त्या क्षणी असं वाटलं, की ती तशीच झापडीत राहिली असती तर बरं झालं असतं. लगेच मी माझ्या तोंडात मारून घेतली. ज्या मायसाठी मी जीव टांगणीला लावला होता ती आली होती, आणि आल्या आल्या मी तिच्या पदरात हे टाकलं होतं. चिडायचं तरी कोणावर? तिथं चिडायला कोणी नव्हतं.

रविवारी तिनं मला गावी न्यायला लावलं. कमरेची किल्ली काढून पेटी उघडली, पाला झटकला आणि ते मोरपंखी लुगडं स्वतः नेसली. वहिनीनं नुसत्या भुवया उचलल्या. मानोऱ्याच्या रस्त्यानं माय जीपमध्ये ताठ बसली होती. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि तिथूनच तिनं हंबरडा फोडला. जुन्या बाया रडतात तशी, नाव घेऊन, आठवणी सांगत, चालत चालत. गल्लीतली माणसं बाहेर आली. कोणी म्हणालं, बुढी चळली वाटते, आता कशाची रडते, इतके महिने झाले. मावशीची सून मात्र भाकरीचं पीठ तसंच हाताला घेऊन धावत आली आणि दोघी अंगणात एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

घरात मावशीच्या फोटोपुढं माय बसली. पदर दोन्ही हातांनी पसरून धरला. "पाह्य वं. आनलं होतं मी. मी आली होती, पन मी नव्हती वं तवा."

येताना ती थकली होती. डोकं माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "मी मेली का हेच नेसवजो मले. तिचं तिले नेऊन देतो." मग थोड्या वेळानं, आपल्या जुन्या दटावण्याच्या सुरात, "आन् तवा तू होशात राहजो बरं. तुह्याही दोन-दोन डाक्तरच्या गोळ्या चालू हाय. मी मरून पडन आन् तू जेवन झालं का विचारशीन लोकाईले."

लुगडं तिनं धुऊन, घडी करून माझ्याकडं दिलं. ते माझ्या कपाटात आहे. ती गावी परत गेली आहे, आता कुठंही जायचं तर तिन्ही पिशव्या सोबत नेते आणि प्रत्येक डाक्तरला आधी हात जोडून सांगते, राग नका मानू बाप्पा. रोज सकाळी मी कणीक मळत असले की फोन वाजतो.

"उठली का वं? लुगडं हाय ना जाग्यावर?"

"हाय माय," मी म्हणते. कणकेच्या हातानं फोन धरते आणि ठेवत नाही.